कल्पित देवळातील पाळी

प्रतिसृष्टी हा शब्द मराठी समीक्षेत इतक्या सैलपणे वापरला जातो की त्याच्यामागची मूळ कथा बहुधा विसरली जाते. एखाद्या कादंबरीकाराने चार गल्ल्या आणि दहा माणसे उभी केली की त्याने प्रतिसृष्टी निर्माण केली, असे आपण लिहून मोकळे होतो. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडातील विश्वामित्राने हाती घेतलेले काम याहून पुष्कळ अवघड होते. त्रिशंकूला सदेह स्वर्गात घेण्याचे देवांनी नाकारल्यावर त्याने दक्षिण दिशेला नवे सप्तर्षी मांडले, नवी नक्षत्रमाला रचली, आणि क्रोधाच्या भरात दोन पर्याय उच्चारले : एक तर मी दुसरा इंद्र निर्माण करीन, नाही तर हे जग इंद्रावाचूनच राहील. देव भ्याले, तडजोड झाली आणि कथा तेथेच थांबली. त्यामुळे तो दुसरा इंद्र कसा असता, त्याचे देऊळ कोठे उभे राहिले असते आणि त्या देवळाची झाडलोट कोणाकडे गेली असती, हे आपल्याला कळायचे राहून गेले. मात्र कल्पित संस्कृती रचणाऱ्या प्रत्येक लेखकापुढे शेवटी हेच दोन पर्याय येतात. नवा देव घडवायचा, की देवाची जागा रिकामी ठेवायची? आणि घडवायचा तर त्याची सुरुवात कोठून करायची?

या प्रश्नाकडे मी ज्या बाजूने पाहते ती बाजू आरंभीच सांगणे बरे, कारण माझ्या ठायी ती समीक्षेहून जुनी आहे. माझे माहेर गुरवांचे. नीरेच्या खोऱ्यातील एका गावात चुन्यावाचून दगडावर दगड बसवून उभारलेले महादेवाचे जुने देऊळ आहे आणि त्याच्या पूजेचा हक्क आमच्या भावकीत पिढ्यान्‌पिढ्या वाटला गेलेला आहे. या वाटणीचे माप दिवसांत असते. मूळची तीन घरे, प्रत्येकाकडे वर्षाचे चार महिने; आमच्या शाखेत पुढे चार भाऊ झाले तेव्हा एकेकाकडे एक महिना. श्रावण आणि माघ हे उत्पन्नाचे महिने, श्रावणी सोमवारांमुळे आणि महाशिवरात्रीमुळे. म्हणून ते कोणा एकाकडे न राहता आळीपाळीने फिरत. याला पाळी म्हणतात. पाळी असलेल्या घराने पहाटे सभामंडप झाडायचा, आदल्या दिवसाचे निर्माल्य उचलायचे, पाणी आणायचे, पिंडीला स्नान घालायचे, बेल वाहायचा, समई तेवती ठेवायची, नगारा वाजवायचा. गावच्या पंगतींना पळसाच्या पानांच्या पत्रावळी पुरवायच्या, त्या वेगळ्याच. अशी पाळी ही वारसाने उतरणारी मालमत्ता आहे, हे न्यायालयांनीही वेळोवेळी मानलेले आहे. माझ्या वडिलांना आम्ही दोघी मुलीच. त्यांच्यामागे त्यांचा महिना चुलतभावाच्या घरी गेला. तशी रीतच होती. मराठीत स्त्रीच्या मासिक धर्मालाही पाळी हाच शब्द आहे, आणि त्या एका पाळीमुळे आम्हांला दुसरी पाळी नाही, हा श्लेष आमच्या घरातल्या बायका कधी हसत, कधी न हसता करीत आल्या आहेत.

त्यामुळे कल्पित देवळाचे वर्णन वाचताना माझी नजर शिखराकडे आधी जात नाही. ती केरसुणी शोधते.

दुसरा इंद्र घडवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे खातेवाटप. समुद्राचा एक देव, युद्धाचा एक, पिकांचा एक, मरणाचा एक. प्रत्येकाचा रंग, प्राणी, शस्त्र आणि वार ठरवून दिला की धर्म तयार झाला, अशी समजूत अद्भुतिकेच्या लोकप्रिय शाखेत घट्ट रुजलेली आहे. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ प्रसिद्ध झाला आणि १९८० साली त्याला जोडून ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ नावाचा देवतांचा कोश निघाला. त्यात ग्रीक आणि नॉर्स देवांबरोबर आपल्याकडच्याही देवता आहेत. इंद्र आहे आणि त्याच्या अंगात किती प्राणबल आहे याचा आकडा दिलेला आहे. तेवढे घाव बसले की इंद्र संपला. विश्वामित्राला ही सोय माहीत असती तर त्याला एवढे तप करावे लागले नसते. विनोद सोडला तरी या कोशातून एक गोष्ट ध्यानात येते. देवाविषयी जेवढे तपशील वाढतात तेवढा धर्म विरळ होत जातो, कारण सगळी माहिती देवाच्या बाजूने दिलेली असते आणि त्याच्यासाठी पहाटे उठणाऱ्या माणसाच्या बाजूने काहीच नसते.

लॉर्ड डन्सेनी याने १९०५ साली ‘द गॉड्स ऑफ पेगाना’ या छोट्या पुस्तकात संपूर्णपणे स्वतःच्या कल्पनेतून एक देवमंडळ रचले. आधुनिक इंग्रजी अद्भुतिकेतील कल्पित दैवतशास्त्राचा हा आरंभीचा आणि आजही वाचनीय नमुना. त्यातही देवांची खाती आहेतच. पण मला तो पुन्हा पुन्हा आठवतो तो स्कार्ल या ढोलवादकामुळे. सर्वांचा आद्य देव माना-यूद-सुशाई झोपलेला आहे आणि स्कार्ल अखंड ढोल वाजवतो आहे. त्याचा हात थांबला तर देव जागा होईल आणि मग ही जगे आणि बाकीचे देव उरणार नाहीत. गुरवाच्या घरात वाढलेल्या माणसाला ही कल्पना उलटी वाटते, कारण आमचा नगारा देवाला जागे करण्यासाठी असतो. परंतु उलटी असली तरी ती खरी वाटते. त्या सबंध देवमंडळात नेमून दिलेले काम, थकणारा हात आणि चुकण्याची भीती एका स्कार्लपाशीच आहे. आपल्याकडे जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ (१९७५) मधील ‘इस्किलार’ या दीर्घकथेत कोणत्याही नकाशावर न सापडणारा प्रदेश आहे आणि त्यातील परक्या ध्वनींची मंत्रसदृश अक्षरे अर्थ न कळताही विधीचे वजन घेऊन येतात. तेथेही देवाची ओळख करून दिलेली नाही. कोणी तरी हे शब्द फार पूर्वीपासून म्हणत आले आहे, एवढेच जाणवते, आणि तेवढे पुरते.

दुसरा पर्याय, इंद्रावाचून जगाचा, टॉल्किनने स्वीकारला असे सामान्यतः मानले जाते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या हजाराहून अधिक पृष्ठांत देऊळ नाही, पुरोहित नाही, प्रार्थनाही जवळजवळ नाही, फारामिर आणि त्याचे सैनिक जेवणापूर्वी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर स्तब्ध उभे राहतात, तेवढाच काय तो अपवाद. आपली कलाकृती मुळात धार्मिक, कॅथलिक आहे आणि नेमक्या त्याच कारणाने तीत धर्मसंस्था, उपासना, विधी यांचे उल्लेख जवळजवळ येऊ दिलेले नाहीत, असा खुलासा त्याने १९५३ सालच्या एका पत्रात केला आहे. भूमिका म्हणून ती सुसंगत आहे. परंतु टॉल्किनने देऊळ रचलेच नाही असे मात्र नाही. त्याच्या मृत्यूनंतर १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये न्यूमेनॉर बेटाच्या विनाशाची कथा आहे आणि तीत एका देवळाची मोजमापेसुद्धा दिलेली आहेत : वर्तुळाकार पाया, त्याचा व्यास पाचशे फूट, भिंतींची जाडी पन्नास फूट, उंची पाचशे फूट, वर चांदीने मढवलेला घुमट. तंजावरच्या बृहदीश्वराचे विमान दोनशे फुटांच्या थोडे वर जाते, यावरून कल्पना यावी. हे देऊळ साउरॉनने, म्हणजे त्या जगातील खलपुरुषाने, आपल्या पूर्वीच्या काळ्या स्वामीसाठी बांधवून घेतलेले आहे. मध्यभागी अग्निवेदी, घुमटाच्या माथ्याला धुरासाठी झरोका, आणि त्या धुराने काही काळातच चांदी काळी पडते. पुढे घुमटावर विजा कोसळतात, साउरॉन माथ्यावर उभा राहून त्यांना आव्हान देतो, त्याला काही होत नाही, आणि लोक त्यालाच देव म्हणू लागतात.

याच्यासमोर त्याच बेटावरील खरे पवित्र स्थान ठेवावे. मेनेलतार्मा पर्वताच्या माथ्यावर बांधकाम नाही, छप्पर नाही, वेदी नाही, न घडवलेल्या दगडांची रास देखील नाही. तेथे हत्यार किंवा अवजार न्यायचे नाही. वर्षातून तीनदा लोक शुभ्र वेषात मुकाट्याने चढून जातात आणि राजाखेरीज कोणी शब्द उच्चारायचा नाही. पावित्र्य म्हणजे मोकळे आकाश आणि पाप म्हणजे चिरेबंदी बांधकाम, असे हे समीकरण आहे. ते सुंदर आहे हे नाकारता येत नाही. पण ते फार सोयीचे आहे. ज्या पवित्र स्थानाला छप्परच नाही त्याला गळती लागत नाही; जेथे दिवा नाही तेथे तेल कोणी आणायचे हा वाद उद्भवत नाही; हक्क नाहीत म्हणून भावकीही नाही. आपल्या संतांनीही दगडाच्या देवावर कमी टीका केलेली नाही, परंतु ती करणारी माणसे आषाढीला त्याच दगडापाशी पायी जात राहिली. दगड म्हणजे देव नव्हे आणि तरीही तेथे गेले पाहिजे, या दोन टोकांमधला जो ताण आहे तोच धर्माचा अनुभव. टॉल्किनने ती दोन टोके दोन वेगळ्या जागी नेऊन ठेवली आणि त्यांच्यामधली वाट पुसून टाकली. त्याच्या देवळाचा पुरोहित देखील पहा. त्याचे घर कोठे, त्याच्या हाताखाली कोण, राख कोण उचलते, काही नाही. पाचशे फुटांच्या देवळात एकही केरसुणी नाही.

उर्सुला ले ग्वीनच्या ‘द टूम्ब्ज ऑफ अतुआन’ (१९७१) या छोट्या कादंबरीची गोष्ट म्हणूनच वेगळी करावी लागते. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांची ही मुलगी. कॅलिफोर्नियातील आदिवासी समाजांच्या अभ्यासात ज्यांची हयात गेली त्यांच्या घरात ती वाढली. त्या वारशाचा परिणाम म्हणा, तिने देऊळ रचताना सुरुवात देवापासून केलेली नाही. देवांना नावेच नाहीत. ते निनावी आहेत, जुने आहेत, अंधाराचे आहेत, बस्स. सुरुवात होते ती सफरचंदाच्या बागेतून धावत येणाऱ्या एका लहान मुलीपासून. अतुआनच्या थडग्यांची मुख्य पुजारीण मेली की त्याच रात्री जन्मलेली मुलगी शोधायची, कारण पुजारीण कधी मरत नाही, ती पुन्हा जन्मते; पाच वर्षांची झाली की तिला आणायचे; विधिपूर्वक तिचे तेनार हे नाव काढून घ्यायचे आणि तिला अर्हा म्हणायचे, म्हणजे जिला खाऊन टाकले आहे ती. वारसाहक्काचा हा विचार किती काटेकोर आहे पहा. येथे मूल नको, दत्तक नको, वाटणी नको. एकच बाई वारस आणि तीच पूर्वज. आमच्या भावकीत महिना संपला की सुटका असते. अर्हाची पाळी जन्मोजन्मी संपत नाही.

आणि ही पाळी बाईची आहे. त्या भूमिगत दालनात आणि त्यापुढच्या चक्रव्यूहात पुरुषाने पाऊल टाकणे हा मोठा अपराध. सेवेसाठी ठेवलेले षंढ तेवढे चालतात. संपूर्ण राज्यात कोणी जाऊ शकत नाही तेथे ही मुलगी एकटी, हाताने भिंत चाचपत, वळणे मोजत जाते. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला हेवा वाटला, आणि तो पुरता ओसरला आहे असे आजही म्हणवत नाही. गाभाऱ्याचा उंबरा ओलांडण्याची मुभा, तीही कोणाला न विचारता, ही काय चीज आहे हे ज्यांना ती नेहमीच होती त्यांना कळणे कठीण. पण ले ग्वीन तेथे थांबत नाही. राजदेवाने धाडलेले तीन कैदी अंधारात आहेत. त्यांचे काय करायचे हे त्या पोरवयाच्या मुलीने ठरवायचे. ती त्यांना अन्नपाण्यावाचून मरू द्यायला सांगते, आणि मग कित्येक रात्री तिला नीट झोप लागत नाही. हक्क मिळाला, आणि हक्काबरोबर हे मिळाले. देवळात प्रवेश आणि देवळावर सत्ता या दोन गोष्टी आपण वादविवादात एकच धरून चालतो. येथे त्या एकमेकींपासून सोलून निघतात. अर्हाला सगळीकडे प्रवेश आहे. बाहेर पडायला तेवढा दरवाजा नाही.

या देवळाच्या रचनेतील दुसरी खूण म्हणजे थर. त्या ओसाड जागी एकाच नव्हे, तीन धर्मांची ठिकाणे आहेत. सर्वांत जुनी थडगी आणि रिकाम्या सिंहासनाचे मोडकळीला आलेले दालन. त्यानंतरचे जुळ्या देवांचे देऊळ. आणि सर्वांत नवे, सर्वांत नीट राखलेले, ते राजदेवाचे, म्हणजे ज्या घराण्याचा राजाच देव म्हणवतो त्याचे. नव्या धर्माला जुना धर्म मोडता येत नाही, कारण त्याची भीती लोकांच्या मनात आहे. म्हणून त्याला वंदन करायचे आणि दुरुस्तीला पैसा द्यायचा नाही. याहून अचूक निरीक्षण अद्भुतिकेच्या वाङ्मयात मी तरी पाहिलेले नाही. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथाच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. गवळी-धनगरांचा एक लोकदेव वैष्णव होतो, त्याला पुराण मिळते, आणि तरीही जुन्या खुणा पुसल्या जात नाहीत, असे ढेऱ्यांचे प्रतिपादन आहे. खरा देव असा थरांनी वाढतो. कल्पित धर्म रचणारे बहुतेक लेखक मात्र त्याला एका रात्रीत, एका नकाशावर, एका हाताने उभा करतात, आणि मग त्याचा इतिहास म्हणून दहा हजार वर्षांचा आकडा लिहितात. आकड्याने जुनेपणा येत नाही. एखादा विधी आज कोणालाच का ते सांगता येत नाही आणि तरी तो चुकवण्याची कोणाची छाती नाही, असे दाखवता आले तर तो येतो.

अश्रद्धेचे चित्रण हीही येथे रचनेचीच बाब आहे. राजदेवाची पुजारीण कोसिल हिचा कशावरच विश्वास उरलेला नाही. तिला ठाऊक आहे ती सत्ता. जुळ्या देवांची थार ही कठोर आहे, पण प्रामाणिक. आणि पेंथे नावाची गुबगुबीत, खाण्यावर जीव असलेली मुलगी सहजपणे बोलून जाते की राजदेव अखेर माणूसच. ते ऐकून अर्हाच्या पायाखालची जमीन सरकते. आपल्याहून वेगळे वाटणारे, आणि तरीही आपल्याच ओळीत उभे राहून तेच विधी करणारे कोणी असू शकते, हे तिला प्रथमच कळते. कल्पित धर्मांत सहसा एक तर सगळे श्रद्धाळू असतात किंवा पुरोहित तेवढे ढोंगी असतात. माझे आजोबा या दोहोंत बसले नसते. देव आहे का, असे मी त्यांना शाळकरी वयात विचारले तेव्हा त्यांनी, पाळी आहे, एवढेच उत्तर दिले आणि बेलाची पाने निवडीत राहिले. हे उत्तर मला त्या वेळी टाळाटाळीचे वाटले होते. आज ते मला धर्माच्या समाजशास्त्रावरील कित्येक व्याख्यांहून नेमके वाटते. ले ग्वीनच्या देवळात आजोबांना जागा मिळाली असती. टॉल्किनच्या डोंगरावर त्यांनी काय केले असते, कोण जाणे.

आता प्रकाशाविषयी. थडग्यांखालच्या दालनात दिवा नेणे निषिद्ध आहे. शतकानुशतके पुजारिणी तेथे अंधारात वावरल्या, हाताने ओळखत राहिल्या. मग गेड हा जादूगार चोरून शिरतो, आपल्या काठीच्या टोकाशी उजेड पेटवतो, आणि अर्हाला प्रथमच दिसते की आपण ज्याची सेवा केली ते दालन स्फटिकांनी आणि चुनखडीच्या नाजूक नक्षीने लखलखते आहे. म्हणजे या धर्माला स्वतःचे देऊळ सुंदर आहे हेच कधी कळले नव्हते. संतापाच्या आधी तिच्या मनात विस्मय येतो, आणि कादंबरी खरी वळते ती तेथे. आमच्या देवळाच्या गाभाऱ्यात विजेची नळी लागली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. समईच्या उजेडात जे छत नुसते काळे वाटे, त्यात काजळीखाली कोरलेले कमळ आहे हे उंबऱ्याबाहेर उभे राहून मलाही दिसले. गावाने कौतुक केले. आजोबांनी मात्र पाळीच्या महिन्यात पहाटेची पूजा नळी न लावताच चालू ठेवली. त्यांना पिंड हाताने माहीत होती. या दोन प्रसंगांना एकाच अर्थाच्या दावणीला बांधण्याचा मोह आवरला पाहिजे. गेडचा प्रकाश मुक्तीचा आहे, कारण त्या अंधारात माणसे मारली जात होती. आमच्या गाभाऱ्यातील अंधारात असे काही घडत नव्हते. फक्त काही माणसे आत होती आणि पुष्कळशी बाहेर.

त्या ‘फक्त’ शब्दावर मात्र थांबायला हवे. देऊळ ही मुळात उंबऱ्यांची रचना आहे : प्राकार, सभामंडप, अंतराळ, गाभारा. प्रत्येक उंबरा कोणाला तरी थांबवतो. न थांबवणारा उंबरा ही नुसती पायरी. पंढरपुरात महाद्वारी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. मरणानंतरही जागा बाहेरचीच. २ मार्च १९३० रोजी नाशिकला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो काही देवाच्या गुणावगुणांविषयी नव्हता. तो दरवाजाविषयी होता. म्हणून जो लेखक कल्पित देऊळ रचतो त्याने, त्याला जाणवो वा न जाणवो, कोणाला बाहेर ठेवायचे हे ठरवलेलेच असते. शिखर, घुमट, धूप, घंटा यांच्या वर्णनात तो निर्णय लपतो, पण नाहीसा होत नाही. कल्पनेचे जग आहे, तेथे काहीही चालते, हे समर्थन येथे अपुरे पडते. उलट जेथे कोणतीच रूढी लेखकाच्या हाताला धरून नव्हती तेथे त्याने कोणती रूढी निवडली, हे अधिकच बोलके ठरते.

ले ग्वीनला याची जाणीव होती असे म्हणण्यास आधार आहे. १९८५ सालच्या ‘ऑल्वेज कमिंग होम’मध्ये तिने भविष्यकाळातील केश नावाच्या लोकांचा समाज रचला : त्यांच्या कथा, कविता, पाककृती, नकाशे, आणि संगीताची ध्वनिफीत सुद्धा. त्यांच्या पवित्र वास्तूला हेयिमास म्हणतात. ती बहुतांशी जमिनीखाली, वर चार बाजूंचे उतरते छप्पर, आणि आत जायचे ते छपरातून शिडीने उतरून. पाच घराण्यांची पाच हेयिमास. पुरोहितांचा वर्ग नाही. तेथे विधी होतात, पोरे शिकतात, सभा भरतात. अतुआनमध्ये जे बंद होते ते येथे जाणूनबुजून उघडले आहे. अशा वास्तूच्या शेजारी राहायला मला आवडेल. तरीही वाचक म्हणून सांगायचे तर हेयिमासात उतरताना अंगावर काटा येत नाही, आणि तो का येत नाही या प्रश्नाने मी अस्वस्थ होते. उंबरा काढून टाकला की भयही जाते, आणि ज्याला आपण पावित्र्य म्हणतो त्यात त्या भयाचा वाटा किती होता, हे मग मोजावे लागते. मला स्वतःला आत जायचे होते ते कशासाठी? पिंडीला हात लागावा म्हणून, की जेथे इतरांना मनाई आहे तेथे आपल्याला नसावी म्हणून? चुलतभावाची सून परवा म्हणाली, आत्या, येत्या माघात आमच्या घरचा कोणी मोकळा नाही, तुम्ही बघाल का? वाक्य तिने सहज टाकले होते. मी अजून उत्तर दिलेले नाही.

अतुआनच्या कथेचा शेवट सर्वांना माहीत आहे : तेनार गेडबरोबर बाहेर पडते, मागे भूकंपाने ते दालन आणि ते उभे दगड जमिनीत गडप होतात. पुढे ‘तेहानू’ (१९९०) मध्ये ती आपल्याला गॉन्ट बेटावर एका शेतकऱ्याची प्रौढ विधवा म्हणून भेटते, शेळ्या राखणारी, घर चालवणारी. तिच्या सुटकेविषयी समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. माझे लक्ष मात्र त्या पडझडीनंतरच्या सकाळकडे जाते. तेथे बाग होती, विहिरी होत्या, स्वयंपाकघर होते, सूत कातणाऱ्या आणि कापड विणणाऱ्या मुली होत्या, पेंथे होती. राजदेवाचे देऊळ निराळे, ते बहुधा उभेच असणार. अर्हा नाहीशी झाली. पण त्या समजुतीप्रमाणे ती मेली असेल तर त्याच रात्री कोठे तरी एक मुलगी जन्मली असणार, आणि पाच वर्षांनी तिला आणायला कोणी तरी निघायला हवे. दगड नाहीत, दालन नाही, अंधार नाही. त्या सकाळी अंगण कोणी झाडले, हे कादंबरी सांगत नाही.